नऊ मोटारसायकली आणि मानाचा क्रम

विघ्ने दूर करणाऱ्या गजाननाला, वाचेला वळण देणाऱ्या शारदेला आणि आमच्या कुळावर छाया धरून असलेल्या नृसिंहाला वंदन करून मी हे लिहायला बसलो आहे. गेल्या संक्रांतीनंतर आमच्या घरच्या मुलांनी रानवाटांवरून मोटारसायकलींचा एक प्रवास आखला, त्याची ही हकीकत. प्रवास अवघ्या दोन दिवसांचा, मध्ये एक मुक्काम. आखणीला मात्र तीन आठवडे लागले, आणि त्या आखणीत माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितल्यावाचून मला स्वस्थता लाभणार नाही.

माझे अध्ययन गोदावरीकाठच्या एका पाठशाळेत झाले. पुढे तेलंगणातल्या आदिलाबादेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर वांकिडीला मुलाकडे येऊन राहिलो. नातवाचे गावातच मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. तो जुन्या गाड्या विकत घेतो, त्यांचे मडगार्ड उंच करतो, जाड खाचांचे टायर बसवतो आणि त्यांना डर्ट बाईक म्हणतो. शेताच्या बांधावरून, नाल्यातून, मुरमाच्या चढावरून त्या धावतात. प्रथम मला हा केवळ गोंगाट वाटे. पण एखादे यंत्र पूर्ण सुटे करून पुन्हा बिनचूक जोडणारा मनुष्य पदच्छेद करणाऱ्या विद्यार्थ्यासारखाच एकाग्र असतो, हे मी त्याच्या दुकानात बसून पाहिले, तेव्हा माझे मत हळूहळू बदलले.

एके सकाळी माझी पूजा आटोपल्यावर तो ओट्यावर येऊन बसला. हाताला अजून वंगणाचा वास होता.

"आबा, मुहूर्त पायजे."

"कशाचा?"

"बेज्जूरकडं जाऊन राह्यलो आमी. नऊ गाड्या. एक रात तंबूत. बाबा म्हणते, आबा हो म्हणतीन तर जा."

मुहूर्ताआधी मी जाणाऱ्यांची माहिती विचारली. तो स्वतः आणि त्याचे तीन मित्र या विद्येत मुरलेले होते. माझी नात, म्हणजे त्याची धाकटी बहीण, आणि तिची एक शिक्षिका मैत्रीण, या दोघींना बरे येत होते. नातीला तर भावानेच कापसाच्या बांधावर शिकवले होते. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि कापसाच्या बाजारातला एक कारकून हे दोघे अगदी नवखे. नववा माझा नातजावई. तो हैदराबादेत नोकरीला. लग्नाला एक वर्ष झालेले, आणि संक्रांतीला नातीसह आठवडाभराची रजा काढून येणार होता.

"जवाईबापूची गोष्टच वेगळी," नातू म्हणाला. "थे हिमालयात चालोते. फोटो पाह्यला ना तुमी?"

फोटो मी पाहिला होता. मागे बर्फाचे डोंगर आणि उंच मोटारसायकलीवर काळा चष्मा लावलेला नातजावई. तो फोटो गावात बऱ्याच जणांनी पाहिला होता, कारण नातवाने दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो कौतुकाने दाखवला होता.

जंगल खात्याच्या लोकांनी बेज्जूरच्या रानाच्या आत गाड्या नेण्यास आणि मुक्कामास साफ नकार दिला. तिकडे वाघाचा वावर आहे, आणि वाघाच्या घरात इंजिनांचा कल्लोळ करू नये हे मलाही पटले. तेव्हा ज्याच्या घरी मी पूजा सांगत आलो, त्या बेज्जूरजवळच्या एका जुन्या यजमानाला निरोप पाठवला. कापूस वेचून झालेले त्याचे एक शेत रानाच्या हद्दीबाहेर मोकळे पडले होते. तंबू तिथे लावायचे ठरले. वाट गावागावांच्या गाडीरस्त्यांची निवडली. तिच्यात पेद्दवागू या मोठ्या ओढ्याचे वाळवंट दोन ठिकाणी ओलांडायचे होते. सामान पिकअपमध्ये जाणार होते, आणि त्याच पिकअपमध्ये पुढच्या आसनावर मीही.

मग नातवाने एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "आबा, कोन कोनाच्या मागं, थे तुमीच लिवून द्या. तुमचं अक्षर पाह्यलं का कोनी वाद घालत नाही."

मी लिहिले. आयुष्यभर ज्या पद्धतीने पंगतीचा, दक्षिणेचा, तीर्थप्रसादाचा क्रम लावत आलो, त्याच पद्धतीने लिहिले. पहिले नाव नातजावयाचे; तो घरचा जावई, पाहुणा, मानाचा. त्याच्यामागे दुकानदार आणि कारकून, कारण ते वयाने मोठे. मग नातवाचे मित्र. शेवटी दोघी मुली आणि सर्वांत शेवटी नातू, घरचा म्हणून. कागद सुबक दिसत होता. नातवाने तो वाचून मान डोलावली. "बरोबर हाय. जवाईबापू पुढं." रानवाटेवर मागच्या गाडीला पुढच्या गाडीची चूक भोवते, हे त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक होते. तरीही जावयाचे नाव दुसऱ्या ओळीवर सरकवावे असे आम्हां दोघांपैकी एकाच्याही मनात आले नाही.

कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या पडीक वावरात सराव सुरू झाला. आठ दगड मांडून त्यांच्यामधून वळसे घ्यायचे, पाय ठेवायच्या दांड्यांवर उभे राहून खड्डे पार करायचे, उतारावर ब्रेक जपून दाबायचा, आणि शेवटी ट्रॉलीभर ओतलेल्या वाळूतून गाडी काढायची, अशी परीक्षा नातवाने ठरवली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नातजावईही तिथे आला. त्याच्यासाठी माझ्या शेजारी खुर्ची मांडली गेली आणि चहा आला.

दुकानदार वाळूत दोनदा आडवा झाला. अंगाने भारदस्त, उठायला वेळ लागे. पडल्यापडल्याच ओरडला, "अरे, मी गाडी चालोतो का गाडी मले चालोते, हेच समजत नाही!"

"पोट पुढं ठेवा, काका, मंजे तोल सांभाळंन," एक मित्र म्हणाला.

"पोट पुढंच हाय बाबू! गाडीच मागं राह्यते."

सगळे हसले. नातजावई कप खाली ठेवून थोडासा उठल्यासारखा झाला. तोच नातू धावत आला. "बसा, बसा बापू! तुमची कायची परीक्षा! तुमी तं आमाले शिकवान." आणि मीही, गुडघ्यावर हात ठेवून, म्हणून गेलो, "जावयाला कोणी परीक्षेला बसवते काय?" तो पुन्हा खाली बसला. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी नम्रता समजलो.

त्याच दुपारी नात माझ्याजवळ तूरडाळ निवडायला बसली. बराच वेळ खडे वेचत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "आबा, एक सांगू? पन माह्यं नाव घेऊ नका."

"सांग."

"ह्यांना गाडी येत नाही."

ती हळूहळू सांगत गेली. फोटोतली गाडी दुसऱ्या कोणाची होती. हा तिच्यावर फक्त फोटोपुरता बसला होता. हैदराबादेत तो स्कूटर चालवतो, तिला गियर नसतो. लग्नाच्या बैठकीत भावाने फोटो पाहून विचारले, तेव्हा हा हसून हो म्हणाला. मग प्रत्येक भेटीत तो हो थोडा थोडा वाढत गेला. प्रवासाचे ठरल्यावर एका मित्राकडून पंधरा दिवस क्लच शिकून आला होता.

"मी म्हटलं, सांगून टाका. तर म्हनते, मी सांभाळून घेतो." तिने डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "वाळूत पह्यले हेच असतीन, आबा. मागून आठ गाड्या. मी सांगितलं तं ह्यांची मान खाली जाते, आन् ते मले कवा माफ करनार नाही. नाही सांगितलं तं..."

तिची बोटे डाळीत नुसतीच फिरत होती.

ती गेल्यावर मी पंचांग उघडले. नातवाला हवा होता तो दिवस निर्दोष होता. तिथी उत्तम, नक्षत्र अनुकूल. मनात आले, एवढेच म्हणावे की दिवस बरा नाही. पुढचा योग जावयाची रजा संपल्यानंतरचा आहे. नातू एका शब्दाने विरोध करणार नव्हता. जावयाचा मान राहिला असता, मुलीचे रहस्य राहिले असते आणि कोणाचे हाडही मोडले नसते. बराच वेळ मी त्या पानावर बोट ठेवून बसलो. माझ्या गुरूंच्या हातचे ते शास्त्र. लोक त्याच्या भरवशावर मुलींची लग्ने लावतात, पेरणीला तिफण काढतात. माझ्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी त्याला खोटी साक्ष द्यायला लावणे मला जमले नाही. चूक क्रम लावण्यात झाली होती आणि क्रम माझ्याच अक्षरात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातजावयाला पूजेच्या खोलीत बोलावले आणि सहाणेवर चंदन उगाळायला सांगितले. मुलगा सालस आहे. मांडी घालून बसला आणि मन लावून उगाळू लागला.

मी त्याला माझ्या लहानपणची गोष्ट सांगितली. पाठशाळेत गुरुजी एक चरण एकदा म्हणत आणि आम्ही सारे मिळून तो दोनदा म्हणत असू. सर्वांच्या आवाजात आपला आवाज लपवता येतो. अकराव्या वर्षी मी महिनाभर फक्त ओठ हलवत होतो. पाठ काहीच होत नव्हते, आणि विचारायची लाज वाटत होती. गुरुजींच्या ते ध्यानात आले असावे. त्यांनी मला एकट्याला उभे केले नाही. एके दिवशी सर्वांना एकेकट्याने म्हणायला लावले, आणि आरंभ सर्वांत हुशार विद्यार्थ्यापासून केला. माझी पाळी आली तेव्हा मी रडत सांगितले की मला येत नाही. पुढचे आठ दिवस सारी पाठशाळा त्याच अध्यायावर थांबली.

"काल वावरात मी जे बोललो ते चुकीचे होते," मी म्हणालो. "आणि तो कागदही चुकीचा आहे. मी मान पाहिला, हात पाहिला नाही. आज संध्याकाळी पुन्हा सर्वांची परीक्षा घ्यायला सांगणार आहे. सुरुवात माझ्या नातवापासून."

चंदन थांबले. "आबा, तिनं सांगितलं का?"

खोटे बोलायचे नव्हते आणि मुलीला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. मी देवाकडे पाहत राहिलो. त्याने माझे मौन वाचले. खोड सहाणेच्या कडेला नीट टेकवले, "बरं" एवढेच म्हणाला आणि उठून गेला.

तो दिवस मला फार जड गेला. जेवायला बोलावले तर त्याने भूक नाही म्हणून सांगितले. माझी सून कासावीस झाली. "काऊन? माझ्या सैपाकात काई कमी झालं काय? जवाई उपाशी!" असे तिने मला दोनदा विचारले. नातीने पाणी देताना एकदा माझ्याकडे पाहिले आणि दृष्टी वळवली. मला वाटले, एक चूक निस्तरताना मी दुसरी, अधिक मोठी केली. ती मुलगी वाळूतल्या अपघातापेक्षा ज्याला अधिक भीत होती तेच मी तिच्या पदरात टाकले होते.

संध्याकाळी वावरात गेलो तर तो आला होता, सर्वांपासून थोडा दूर उभा. नातवाने "आबाचा हुकूम" म्हणून आधी स्वतः फेरी घेतली, मग त्याचे मित्र, मग दोघी मुली. दुकानदार हेल्मेट चढवू लागला, तेव्हा नातजावई पुढे आला.

"आता मी."

"काऊन बापू? तुमी राहू द्या नं."

"मला येत नाही, म्हणून." आवाज फारसा मोठा नव्हता, पण सर्वांना ऐकू गेला. "ती गाडी माझी नव्हती. मी नुसता बसलो होतो. तुम्ही एवढ्या कौतुकानं बोलत होता, मला नंतर सांगवलं नाही."

नातवाचा चेहरा उतरला. गावभर फोटो दाखवणारा तोच होता. तो हातातला पाना उगाच पुसत राहिला. दुकानदारच पहिल्यांदा हलला. त्याने हेल्मेट काखेत धरले आणि दुसऱ्या हाताने जावयाचा दंड पकडला.

"अय्यो बापू! दोन दिवसापासून मी एकटाच पडून राह्यलो होतो, आन् तुमी खुर्चीवर चहा पेत होते? या, या, आमच्या पंगतीत या!"

आधी कारकून हसला, मग सगळे. नातू मात्र हसला नाही. तो गेला आणि सर्वांत लहान, हलकी गाडी ढकलत घेऊन आला. ती जावयापुढे उभी करून म्हणाला, "हिमालयात बर्फ होता, बापू. अठी ढेकळं हायेत." मग थोडे थांबून, "क्लच असा सोडा. नेम्मदिगा. एकदम सोडला तं उसळते."

तेलुगू शाळेत शिकलेला तो, घाई करू नको म्हणताना हाच शब्द त्याच्या तोंडी येतो. जावयाने क्लच सोडला, गाडी बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा बंद. पाचव्यांदा ती दहा हात गेली आणि वाळूत लवंडली. नात धावली नाही. ती जागच्या जागी उभी होती, आणि तिने कालपासून पहिल्यांदाच दीर्घ श्वास घेतला असे मला दिसले.

त्या संध्याकाळी वावरातच, टायरवर कागद ठेवून, आम्ही आखणी पुन्हा केली. वाट जाणणारा एक मित्र सर्वांत पुढे. त्याच्या लगेच मागे जावई, मग दुकानदार, मग कारकून. चाल या तिघांची, बाकीच्यांनी ती पाळायची. मधे मुली. नातू सर्वांत शेवटी, अवजारे आणि औषधांची पिशवी घेऊन. मुरलेल्या मित्रांना खडकाळ टेकडीची हौस होती. तेव्हा पुढच्या वाटाड्याला सोडून उरलेल्या दोघांनी एका ठिकाणाहून टेकडीवरून जावे आणि पुढच्या गावच्या मारुतीपाशी इतरांची वाट पाहावी, असे ठरले. जिथे वाट फुटते तिथे मागची गाडी दिसेपर्यंत पुढच्याने हलायचे नाही. वाळू एकेकाने ओलांडायची आणि तिथे टायरमधली हवा थोडी कमी करायची. मी एक कलम आग्रहाने घातले: ज्याला वाटेल त्याने उतरून गाडी ढकलावी, आणि त्याच्यामागे कोणी हॉर्न वाजवू नये.

"आन् मुहूर्त?" नातवाने विचारले.

मी त्याला तोच निर्दोष दिवस दिला.

त्या दिवशी मी पिकअपमधून दुपारीच यजमानाच्या शेतावर पोहोचलो. त्याने कापसाच्या पऱ्हाट्या उपटून तंबूंसाठी जागा साफ करून ठेवली होती. आम्ही ताडपत्री अंथरली, पाण्याचे पिंप भरून ठेवले. मंडळी चारच्या सुमारास यावी असा हिशेब होता. चार वाजले. पाच वाजले. यजमान दोनदा बांधावर जाऊन पाहून आला. मी जपाची माळ हातात घेतली होती, पण मणी पुढे सरकत होते आणि मन वाळूत रुतून बसले होते.

सूर्य मावळायला अजून अवकाश असताना इंजिनांचा आवाज आला. पहिला वाटाड्या. त्याच्यामागे जावई असायला हवा होता. आला तो दुकानदार. मी उभा राहिलो. मग कारकून, शिक्षिका, टेकडीवाले दोघे मित्र. मग नात. तिने हेल्मेट काढले आणि माझा चेहरा पाहून लांबूनच ओरडली, "येऊन राह्यले, आबा! पायी येऊन राह्यले!"

थोड्या वेळाने ओढ्याच्या काठावर दोघे दिसले. नातजावई आपली गाडी ढकलत येत होता, मानेपर्यंत वाळूने माखलेला. त्याच्या शेजारी नातू, इंजिन बंद करून, आपली धडधाकट गाडी ढकलत चालला होता. त्याला चढून पुढे येणे सहज शक्य होते. दोघे काहीतरी बोलत होते, आणि बोलताना नातू मोठ्याने हसला. कडेला येईपर्यंत दोघांपैकी कोणीही गाडीवर बसले नाही.

जावई माझ्याजवळ आला, वाकून नमस्कार केला आणि धापा टाकत म्हणाला, "आबा, शेवटच्या वाळूत तीनदा पडलो. मग मीच म्हटलं, आता उतरतो."

"तीनदा नाही, चारदा," दुकानदार पिंपापाशी तोंड धुताना म्हणाला. "मी मोजून ठेवले. माह्ये पाच."

नात तांब्या घेऊन आली. त्याच्या हातांवर तिने पाणी ओतले. त्याच्या तळव्यावर खरचटले होते. तिने ते पाहिले, त्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "उद्या बी माह्या पुढंच राहा तुमी." तो म्हणाला, "राहीन." एवढेच झाले. मग यजमानाने ज्वारीच्या भाकरी आणल्या, आणि पंगत बसली तेव्हा मी क्रम लावायला गेलो नाही. ज्याला जिथे जागा मिळाली तिथे तो बसला. जावई बसला होता दुकानदार आणि नातवाच्या मधे.

वाचकहो, तुमच्या घरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण सुखरूप परत येवो. तुमच्यापैकी जो मागे राहील त्याच्यासाठी थांबणारे कोणी असो, आणि जो चुकेल त्याला ते बोलून दाखवण्याइतके निर्भय घर लाभो. तुमचे अंगण, तुमची गुरेढोरे, लेकी आणि जावई, नातवंडे, सर्वांवर नृसिंहाची कृपादृष्टी अखंड राहो.